उजाडल्यावरचा दिवा

डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन केला, तेव्हाच नमिताला कळायचं ते कळलं. रिपोर्ट चांगला असला की फोन येत नाही, मेसेज येतो, हिरव्या खुणेचा. किंचित इकडेतिकडे असेल तर नर्स बोलते, एका दमात, पाठ केल्यासारखं. डॉ. ताहेरुन्निसा मात्र आधी म्हणाल्या, "आप गाडी तो नहीं चला रहीं ना?" आणि ऑफिसात खुर्चीवर बसलेली असूनही नमिताने ब्रेक दाबावा तसा उजवा पाय जमिनीवर दाबला. समोर स्क्रीनवर पाण्याच्या निचऱ्यासाठीच्या एका बोगद्याचं वेळापत्रक उघडं होतं. बांधकाम कंपनीत वेळापत्रकं आखणं हेच तिचं काम. कुठलं काम कधी सुरू होणार, कधी संपणार, मध्ये किती सैल जागा आहे. निळ्या आडव्या पट्ट्या एकीखाली एक उतरत गेल्या होत्या आणि बोलणं संपेपर्यंत ती त्यांतल्या एकाच पट्टीकडे बघत राहिली. "बच्चे के बारे में कुछ बुरा नहीं कह रही मैं," डॉक्टर सावकाश, हैदराबादी हेलात म्हणत होत्या, "आपके खून में एक चीज़ ज़्यादा निकली है. इस वक़्त जितनी होनी चाहिए, उसकी ढाई गुना. कल आ जाओ, मियाँ को भी लेते आना. परेशान नक्को होना." फोन ठेवल्यावर तिच्या कानात राहिला तो एवढा 'नक्को'. घरचं माणूस परक्या गावच्या बाजारात अचानक समोर यावं तसा. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने मान वर करून विचारलं, "ऑल ओके?" ती म्हणाली, "इन्शाल्ला." आखातातल्या या गावात त्या शब्दाने कुठलंही बोलणं मिटवता येतं, ही एक सोय आहे.

दुसऱ्या दिवशी अमेय प्लांटवरून अर्धी रजा काढून आला. कपाळावर हेल्मेटचा लाल वळ तसाच होता. स्कॅनच्या खोलीत अंधार होता आणि पोटावरचा गार लेप पसरत असताना तिला वाटलं, हे मूल आहे की हवामानाचा नकाशा. राखाडी ढग, मधूनच काळं पाणी, मधूनच पांढरी रेघ. "ये पीठ की हड्डी. पूरी बंद है, माशाल्ला. ये पेट. ये भी ठीक." डॉक्टर एकेक अवयव देवाच्या ताटातले पदार्थ मोजावेत तसे मोजत गेल्या आणि नमिता प्रत्येकाला मनात विठ्ठल विठ्ठल म्हणत गेली. मग डॉक्टर थांबल्या, पुन्हा मोजलं. "हफ़्ते के हिसाब से ज़रा छोटा है. ज़रा सा." बाहेर टेबलाशी बसल्यावर त्यांनी आपल्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून समोर धरली. एक हात आईचा, एक बाळाचा; मध्ये ही वार, प्लेसेंटा. बाळाच्या अंगात तयार होणारा एक पदार्थ असतो, तो थोडाथोडा आईच्या रक्तात येतोच. पण फार आला आणि बाळाच्या पाठीत, पोटात तर कुठे फट नाही, तर मग वारच कुठेतरी झिरपत असेल. जे तिकडे राहायला हवं ते इकडे येतंय. आज त्याने काही बिघडत नाही. पण अशी वार पुढे, सातव्या-आठव्या महिन्यात, दमते कधीकधी. आईचं ब्लडप्रेशर चढतं. बाळाची वाढ थांबते. वार वेळेआधी सुटते. "और कभी..." असं म्हणून त्यांनी बोटं सोडवली आणि हात टेबलावर ठेवले. "ज़्यादातर औरतों को कुछ भी नहीं होता, ये भी सुन लो." अमेयने विचारलं, "मतलब अब करना क्या है?" "देखना है." "बस?" "भाई, देखना भी काम है. खून पतला रखने की एक गोली है, उसे शुरू करने का अच्छा वक़्त निकल चुका. फिर भी लिख देती हूँ."

गाडीत डिसेंबरचं ऊन होतं, काचेतून अंगावर येणारं पण न चावणारं. इथला राष्ट्रीय दिवस होऊन गेला होता, तरी खांबांवरचे मरून-पांढरे झेंडे अजून उतरवले नव्हते. अल रय्यानच्या वळणावर अमेय म्हणाला, "आईला सांगायचं?" "काय सांगणार? तुमच्या सुनेची गाळणी गळतेय?" दोघंही हसले. त्याचं हसू आधी संपलं. मग तो इंजिनिअरसारखा बोलायला लागला. अलार्म वाजला म्हणजे आग लागलीच असं नसतं, आमच्याकडे दहा वाजतात आणि नऊ खोटे असतात. ती म्हणाली, "आणि तुम्ही काय करता वाजला की?" "जाऊन बघतो ना." "मी कुठे जाऊन बघू, अमेय?" यावर त्याने तिच्या मांडीवर हात ठेवला आणि सिग्नल हिरवा झाल्यावरही तो क्षणभर तसाच राहिला, मागच्या गाडीने हॉर्न दिला.

शशिकलाबाईंना सांगितलं नाही. त्या अंबाजोगाईहून आल्या होत्या ऑगस्टात, तीन महिन्यांसाठी. बातमी कळल्यावर मुक्काम वाढवून घेतला होता. लग्नानंतर सात वर्षांनी घरात हालचाल होती. सून दारातून आत आली की आधी तिच्या तोंडाकडे न बघता पोटाकडे बघायच्या आणि मग तोंडाकडे बघून म्हणायच्या, "दमलीस गं." डोहाळजेवणाचा बेत त्यांनी आताच आखला होता. नाव असणार होती, कापडी, इथल्या बाल्कनीत. इकडे समुद्र आहे म्हटल्यावर नावच पाहिजे की. दारातल्या रबियाला, म्हणजे समोरच्या फ्लॅटमधल्या लाहोरच्या सुनेला, त्यांनी खुणांनी आणि मोडक्या हिंदीने ओटी म्हणजे काय ते समजावूनही झालं होतं. हे सगळं ऐकताना नमिता मान डोलवायची. कीर्तनात म्हातारे डोलवतात तशी. अर्थ कळला म्हणून नव्हे, लय चुकू नये म्हणून. आणि रात्री नाही, भर दुपारी, ऑफिसात, मीटिंगमध्ये, कोणीतरी 'डिले' म्हणत असताना तिचं मन एकदम खाली उतरायचं, अंगाच्या आत, त्या ओल्या काळोखात जिथे दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतली आहेत आणि मधून थेंब थेंब काहीतरी इकडे येतंय. तिला वाटे, आपल्याला ऐकू यायला हवं होतं. छतातून पाणी गळलं तर माणूस झोपेतून उठतो. हे आपल्याच अंगात गळतंय आणि आपण चहा पीत होतो, पट्ट्या सरकवत होतो, लिफ्टमध्ये कोणाला तरी बाजूला सरकून जागा देत होतो.

तिला वडील आठवत. नाशिकला त्यांच्या गल्लीच्या टोकाशी विठ्ठलाचं देऊळ होतं आणि चातुर्मासात तिथे रोज कीर्तन. पोस्टातून घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि चहा न घेता तिला कडेवर टाकून निघायचे. त्यांच्यामुळे तिला कीर्तनाची चव लागली. बुवांचा पूर्वरंग सुरू असे, अभंगाचा अर्थ उलगडत, शास्त्राच्या गोष्टी, त्या तिला कळत नसत. मग मध्यंतर. बुवांना हार घालायचे, कपाळाला बुक्का लावायचा, पेटीवाला एखादं पद आळवायचा, बायका कुजबुजायच्या, पण कोणी उठायचं नाही. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान, म्हणजे गोष्ट. तिच्यासाठी सगळं कीर्तन त्या गोष्टीसाठीच असे आणि नेमकी तेव्हाच तिला झोप यायची. वडील तिला चिमटा काढायचे. "अर्धं आख्यान सोडून उठू नये, नमे. अर्धं सोडलेलं आख्यान आपल्या मागे मागे घरी येतं." हे कुठल्या पोथीत नव्हतं, ते त्यांचं त्यांनीच केलेलं असावं. पण लहानपणी झोपेत घरी नेलं जाताना तिने कित्येकदा त्यांच्या खांद्यावरून मागे बघितलं होतं, काय येतंय ते.

आता मध्यंतर आहे, असं तिच्या मनात यायचं. पूर्वरंग झाला, उलट्या, वास, पहिला स्कॅन, ठोक्यांचा घोडा दौडल्यासारखा आवाज. हार घातला, बुक्का लावला, सगळे खूश आहेत. पेटी वाजतेय. आणि बुवा घोटभर पाणी पिऊन आख्यानाला उभे राहतील तेव्हा कुठलं आख्यान लावतील, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. नाही, सांगितलंय, पण दोघांनाच सांगितलंय, आणि त्यांतली एक आपण. बाकीचे हार आणि बुक्का बघतायत.

एका शनिवारी शशिकलाबाईंचं डोकं दुखत होतं म्हणून ती त्यांच्या खोलीतल्या खणात गोळी शोधत होती. खणात बाम, जपमाळ, विमानात मिळालेल्या मिठाच्या पुड्या, बुक्क्याची डबी, आणि डबीखाली गोळ्यांची एक चंदेरी पट्टी. अर्धी रिकामी. पट्टी हातात घेताच तिला तो ऑगस्ट आठवला, त्याच्या वासासकट. इथे जन्माष्टमीसुद्धा शुक्रवारी येते, कारण सुट्टी तेव्हा असते. उम्म सलाल मोहम्मदला प्रतापदादांच्या बंगल्यावर कीर्तन ठरलं होतं. दादा मूळ नाशिकचेच, पंचवीस वर्षं इथल्या गॅस कंपनीत, दर वर्षी कोणाला तरी बोलावून घ्यायचे. यंदा बीडकडचे श्रीपतीबुवा आले होते, चिपळ्या हँडबॅगेत, एअरपोर्टवर विचारलं तर म्हणाले म्हणे, "म्युझिक." प्रसादाचा शिरा नमिताने करायचा, आरतीचं ताट तिने धरायचं, असं दादांच्या बायकोने फोनवर सांगितलं आणि शशिकलाबाई बोटांवर काहीतरी मोजून म्हणाल्या होत्या, "तुझी अडचण त्याच सुमाराला येते की गं." "येईल बहुतेक." "मग घे ही. मी आणूनच ठेवली होती. आमच्याकडं सगळ्या घेतात, काही होत नाही." त्यात जुलूम नव्हता. माहेरीही घ्यायच्या, गौरींना, लग्नांना, सत्यनारायणाला. नमिताने घेतली. कीर्तनाला बसायला मिळणार याचाच तिला आनंद होता. आठवडाभर पाळी पुढे ढकलली गेली.

पट्टी हातात धरून ती पलंगाच्या कडेवर बसली. आठवडाभर. मग ती आली केव्हा? कीर्तनानंतर. आणि क्लिनिकमध्ये नाव घालताना शेवटच्या पाळीची तारीख विचारली, तेव्हा आपण कुठली सांगितली? तिने फोन काढून पाहिलं नव्हतं. तिची पाळी घड्याळासारखी. तिने हिशेबाने सांगितली होती, आठवून नव्हे. यायला हवी होती ती तारीख. गोळ्या थांबवल्यावर जी आली ती तिच्या मनाने धरलीच नव्हती. ती देवासाठी पुढे ढकललेली, उसनी, खोटी पाळी. पहिल्या स्कॅनलाच डॉक्टर म्हणाल्या होत्या, थोडं लहान दिसतंय, पण चालण्यासारखं आहे, तारीख हीच ठेवू. म्हणजे बाळ लहान नाहीच. बाळ एका आठवड्याने धाकटं आहे. सगळ्या वेळापत्रकाची सुरुवातच चुकली आहे. हे तर तिचं रोजचं काम होतं. कंत्राटदार यायचे, प्रकल्प मागे पडलाय, लाल पट्ट्याच पट्ट्या. ती कागद चाळायची, जागा प्रत्यक्षात ताब्यात केव्हा मिळाली ते शोधायची, सुरुवातीची तारीख आठवडाभर पुढे सरकवायची, आणि एकेक करत लाल पट्ट्या निळ्या व्हायच्या. कोणी जास्त काम केलेलं नसायचं. फक्त बेसलाइन, म्हणजे मोजायची सुरुवात, खरी झालेली असायची. "नमिता, गोळी सापडली का गं?" बाहेरून हाक आली. "सापडली आई!" ती म्हणाली, आणि आपला आवाज किती मोठा निघाला ते तिलाच ऐकू आलं.

तिने त्याच वेळी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी गोळ्यांचं, उशिरा आलेल्या पाळीचं ऐकून घेतलं, दोनदा तारीख विचारली, म्हणाल्या, "आपने पहले क्यूँ नहीं बोला?" नमिता काय सांगणार? पाळी देवासाठी पुढे ढकलली होती म्हणून मोजली नाही, हे हिंदीत कसं म्हणतात? "याद नहीं रहा." "अच्छा. मैं लॅब को नई तारीख देती हूँ. वो दुबारा हिसाब करेंगे." त्या दोन दिवसांत नमिता पुन्हा माणसात आली. अमेयला तिने गाडीच्या बॉनेटवर बोटाने पट्टी काढून समजावलं. तो म्हणाला, "म्हणजे आईच्या गोळ्यांनी वाचवलं की आपल्याला!" आणि तिने त्याला दटावलं, दृष्ट लागेल म्हणून. तरी ती एशियन टाउनच्या बाजारात जाऊन नारळ, केळीची पानं घेऊन आली. इकडे मिळतात ती तिथेच. शशिकलाबाईंनी विचारलं, आज काय विशेष, तर म्हणाली, काही नाही, उगीच. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना तिने वडिलांच्या पद्धतीने दोन्ही हात कानांना लावले. रडू आलं तेही बरं वाटलं.

क्लिनिकमध्ये तिला वाटलं होतं डॉक्टर हसऱ्या असतील. त्या हसऱ्याच होत्या, पण आधी त्यांनी तिला पाणी दिलं. "एक अच्छी बात पहले. आप सही थीं. बच्चा छोटा नहीं है. नई तारीख से बिल्कुल बराबर है." नमिताने अमेयकडे बघितलं. अमेय हात जोडायच्या बेतात होता. "और वो दूसरी चीज़?" तो म्हणाला. डॉक्टरांनी चष्मा काढला. मग त्यांनी सांगितलं ते इतकं सोपं होतं की नमिताला आधी त्याचीच लाज वाटली. तो पदार्थ आठवड्यागणिक रक्तात वाढत जातो. मोठं बाळ, जास्त. धाकटं बाळ, कमी. तुमचं बाळ आम्हाला वाटलं त्यापेक्षा धाकटं. म्हणजे तुमच्या रक्तात तो आणखी कमी असायला हवा होता. आणि जो होता तो तेवढाच आहे. "तो अब ढाई नहीं रहा. तीन गुना हो गया." अमेय म्हणाला, "लेकिन तारीख तो हमने ही..." नमिताला तिच्या स्क्रीनवरच्या पट्ट्या दिसल्या. सुरुवात पुढे सरकते आहे, आणि एकही निळी होत नाही, उलट आधी निळ्या होत्या त्याही लाल. अशी पट्टी तिने कधी पाहिली नव्हती. असं उलट्या बाजूने मोजलं जाणारं काम तिच्या वेळापत्रकात कधी आलंच नव्हतं. "वो महीना टालने की गोलियाँ?" तिने विचारलं. "उनका कोई ताल्लुक़ नहीं. ये दिल में नक्को रखना." "फिर किसका ताल्लुक़ है?" डॉक्टर चांगल्या होत्या, खोटं बोलल्या नाहीत. "पता नहीं, बेटा. प्लेसेंटा ऐसा ही बना है." मग त्यांनी सांगितलं, घरी ब्लडप्रेशरचं यंत्र घ्या, रोज बघा, दर थोड्या दिवसांनी वाढ बघू, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, बाळ गप्प वाटलं, तर लगेच या. "और दुआ करो. आप लोग तो वो गाने वाला... क्या बोलते हैं, कीर्तन. वो सुनो."

परतताना ती कीर्तनच ऐकत होती, आतल्या आत. त्या शुक्रवारचं. बंगल्याचा मोठा हॉल, पडदे ओढलेले, गालिच्यावर पांढऱ्या चादरी, पेटीवर बँकेतला एक मुलगा, तबल्यावर आयटीतला, आणि श्रीपतीबुवांचा तो घासलेला, गूळ जळाल्यासारखा आवाज. त्यांनी आख्यान लावलं होतं एका बाईचं. गावाबाहेर डोंगरावर देव. बाईचा नवस, की घरचा दिवा घरून पेटवून, न विझवता, दिवस उगवायच्या आत वर न्यायचा. ती निघते. वाऱ्याला तिचाच दिवा दिसतो. पदर धरते, पदर पुरत नाही. तेव्हा ती दुसऱ्या हाताची ओंजळ करून ज्योतीवर धरते आणि चालते. बुवा स्वतः चालून दाखवत होते, एका हातात नसलेला दिवा, दुसऱ्या हाताची सावली त्यावर, चिपळ्यांचा अगदी बारीक आवाज. हात भाजायला लागतो. ती म्हणते, भाजतोय म्हणजे आहेस रे बाबा. अर्ध्या वाटेवर फटफटतं. उजेड चढतो. आणि उजेडात ज्योत दिसेनाशी होते. दिवा आहे की गेला? बाई हातावरून ओळखू बघते, तर हात इतका भाजलाय की त्याला आता काहीच कळत नाही. डोळ्याला दिसेना, हाताला कळेना. खाली बघावं तर वारा लागेल म्हणून ओंजळ उचलता येईना. "आता सांगा मंडळी," बुवा हॉलभर बघत म्हणाले होते, "ती कशाच्या जोरावर चालते?" आणि तेवढ्यात दारातून दादांच्या बायकोने हळूच हाक मारली होती, "नमिता, अगं शिरा लागायला लागलाय खाली!" ती उठली. वडिलांचं वाक्य आठवलं होतं, तरी उठली. ज्या कीर्तनासाठी स्वतःला जपून, शुद्ध ठेवून आणलं, त्याचा शेवट तिने स्वयंपाकघरात उलथण्याने कढई खरवडत काढला. भिंतीपलीकडून टाळांचा गजर आला, लोकांनी नाम घेतलं, म्हणजे काहीतरी झालं होतं. काय झालं ते तिला कोणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही, कारण आरतीचं ताट लावायचं होतं.

घरी पोहोचले तेव्हा चार वाजले असतील. अमेय गाडी लावायला खाली राहिला. खरं म्हणजे त्याला थोडा वेळ गाडीत बसायचं होतं, तिला ते कळलं होतं. शशिकलाबाई हॉलमध्ये खिडकीपाशी बसून मेथी निवडत होत्या, फोनवर कोणाचं तरी कीर्तन बारीक आवाजात लावलेलं. नमिताच्या हातातली मेडिकलच्या दुकानातली पिशवी बघून त्यांनी मेथी बाजूला सारली. "काय आणलीस गं? बघू." त्यांनी खोकं बाहेर काढलं, वरचं चित्र पाहिलं, दंडाला पट्टा बांधलेली एक गोरी म्हातारी, हसणारी. "अगं बाई. माझ्यासाठी आणलीस हे?" नमिताचं तोंड उघडलं. "परवा डोकं दुखलं म्हटलं तर लगेच यंत्र! एवढा खर्च कामून करायलाव तुम्ही? आणि अमू काही बोलला नाही मला." त्यांनी दंडावरचा पदर सारलासुद्धा होता. गोरा, सुरकुतलेला, देवीच्या लसीची खूण असलेला दंड त्यांनी तिच्यापुढे धरला, बांगड्या भरून घ्यायला धरतात तसा. "बांध बरं. कळतं का तुला?"

तिने पट्टा बांधला. यंत्र घुर्र करत फुगलं, मग सुस्कारे टाकत उतरलं. "एकशे तीसच्या आसपास आहे, आई. चांगलं आहे." "असणारच. मला काय धाड भरलीय? तुमचंच मेलं पाणी खारट." त्या खुशीत होत्या. त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली, सातआठ वाजली. "लई जीव आहे गं तुझा माझ्यावर." नमिता खाली बघून पट्टा सोडवत राहिली. आता सांगता आलं असतं. शब्द तयार होते, मराठीत होते. पण त्या शब्दांनी हा हात, ही मेथी, बाल्कनीतली ती नाव, सगळं एकाच वेळी विझलं असतं, आणि हातून विझवलेलं पुन्हा पेटत नाही. तिने विचारलं ते भलतंच. "आई, त्या दिवशी दादांकडे बुवांनी ते आख्यान लावलं होतं ना, दिव्याच्या बाईचं. तिचं पुढे काय झालं?"

"कुठल्या? हां, ती डोंगरावर जाती ती." शशिकलाबाई आठवायला लागल्या, आणि मग पदर तोंडाला लावून हसल्या. "खरं सांगू का? मला तिथंच डुलकी लागली. एसी असा लावला होता त्यांनी! गजर झाला तवा जागी झाले बघ." "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही." "त्यात माहीत काय व्हायचंय? पोचली असंल की. कीर्तनातली बाई पोचल्याबिगर राहती होय?" फोनवरच्या कीर्तनात लोक हसले, कशाला तरी. नमितालाही हसू आलं. आलं आणि तोंडावर तसंच राहिलं, उतरायची वाट न सापडल्यासारखं. ते आख्यान मागे मागे घरी आलं होतं. तिच्या शेजारीच बसलं होतं इतके दिवस. आणि त्याला पुढचं काही ठाऊकच नव्हतं. देवावर तिचा राग नव्हता. देव ऐकत असतो हे तिला लहानपणापासून माहीत होतं, मंडपात शेवटच्या खांबाशी बसून ऐकत असतो. पण आख्यान काय लावायचं ते तोसुद्धा बुवांना सांगत नसावा.

"आण, आता तुझं बघू," शशिकलाबाई म्हणाल्या. "नको, माझं कशाला." "कशाला म्हणजे? दोन जिवांची आहेस. हात आण इकडं." त्यांनी स्वतःच पट्टा गुंडाळला, उलटा, मग सुलटा, शिकल्या होत्या एका खेपेत. बटण दाबलं. पट्टा फुगायला लागला, दंड आवळत गेला, बोटांच्या टोकांत तिला स्वतःचे ठोके लागले. स्वतःचेच, दुसऱ्याचे नाहीत. दुसरा हात पोटावर गेला होता. तिथे काही कळत नव्हतं. अजून कळण्याइतकं ते मोठं नव्हतं, एका आठवड्याने तर आणखीच लहान होतं. पलीकडच्या इमारतीच्या काचांवरून चारचं ऊन उसळून खिडकीत आलं होतं, मेथीच्या पानांवर, खोक्यावरच्या हसऱ्या म्हातारीवर, यंत्रावर. पट्टा सैल पडला. शशिकलाबाई यंत्रावर वाकल्या, लांब धरलं, जवळ धरलं. "काय आलं गं? उजेडात काई दिसंना मला."

नमिताने पोटावरचा हात उचलला आणि यंत्रावर ओंजळीची सावली धरली. आकडा दिसला. आजचा ठीक होता. "चांगलं आहे," ती म्हणाली. सासूबाई पुन्हा मेथीकडे वळल्या. आकडा थोड्या वेळाने आपोआप विझला, यंत्र बंद झालं. हात तिने काढला नाही.